अकरा फुटी बूट

बूट उभा राहिला तशी घरातली माणसं एकमेकांशी फार गोड बोलायला लागली. या घरात असं झालं, की कोणाच्या तरी पोटात दुखत असतं. एरवी सकाळी कारखान्यात पाऊल ठेवल्यापासून भांडणं सुरू: करवत कोणी नेली, गोंदाचं झाकण कोणी उघडं टाकलं, थर्माकोल कापायची गरम तार कोणी चालू ठेवली. त्या दिवशी मात्र थोरला बहिणीला म्हणाला, "छान झालाय हं, बेबी." आणि बेबी म्हणाली, "सगळ्यांनी मिळूनच केलाय की, दादा." दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

बेबी अडतीस वर्षांची होती आणि प्लायवूडची अख्खी फळी एकटी खांद्यावर टाकून चालायची, पण घरात पडलेलं नाव कोण बदलणार! सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती एक पेटी आणि रंगाचे ब्रश घेऊन परत आली, तेव्हा थोरल्यानेच रिक्षातून तिची पेटी उतरवून घेतली होती. "आलीस ते बरं केलंस," असंही म्हणाला होता. तेव्हा त्याला ते मनापासून वाटलं होतं, आणि आता तेच आठवून तो स्वतःवर चिडत असे.

बूट चोवीस फूट लांब, घोट्यापाशी अकरा फूट उंच. बूटपॉलिशची जाहिरात होती. एक नट शिडी लावून त्यावर चढणार, हातात ब्रश घेणार आणि बुटाचं नाक घासून चकचकीत करणार. आत लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर थर्माकोल, त्यावर कापड, कापडावर रबराचा लेप आणि लेपावर बेबीचा रंग. शिवणीचा एकेक टाका मनगटाएवढ्या दोराचा होता. थोरला बुटाभोवती तिसरी फेरी मारत होता. तो खोट शोधत होता. एखादा टाका जरी वाकडा सापडला असता, तरी त्याचा दिवस चांगला गेला असता.

पण सापडेना. चामडं जिथे घडी पडून फिकट होतं तिथे ते फिकट झालं होतं. टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती. नाकाजवळ एक ओरखडा होता, आणि तो ओरखडा इतका खरा होता की थोरल्याचा हात आपोआप तो पुसायला गेला. हात त्याने घाईने मागे घेतला आणि बेबीने पाहिलं तर नाही ना, म्हणून वळून बघितलं. तिने पाहिलं होतं.

महिन्यापूर्वीपर्यंत हे काम त्याचं होतं. निदान तो तसं धरून चालला होता. कुठलीही मोठी वस्तू करायची म्हणजे आधी कारखान्याच्या जमिनीवर तिची पुरी आकृती काढायची, आणि तिची पहिली रेघ खडूच्या दोरीने घरच्या प्रमुखाने मारायची, अशी इथली रीत. चाळीस वर्षं ती रेघ अण्णांनी, या दोघांच्या वडिलांनी, मारली. दोरी ताणायची, चिमटीत उचलायची, सोडायची. फट्! निळी सरळ रेघ. बावीस वर्षं थोरल्याने त्या दोरीचं दुसरं टोक धरलं होतं. धरता धरता त्याच्या कानशिलांवरचे केस पिकले. आणि एका सकाळी अण्णांनी दोरीचा डबा उचलला, त्याच्या नाकासमोरून नेला आणि बेबीच्या हातात ठेवला. सगळ्यांदेखत म्हणाले, "हा बूट नीट उभा राहू दे, मग दोरी कायमची हिच्याकडेच." मग थोरल्याकडे वळून, जसं काही झालंच नाही, "दुसरं टोक धर रे," म्हणाले.

त्याने धरलं. दुसऱ्या दिवशी त्याला टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या नऊ फुटी ब्रशाचे केस चिकटवायला बसवलं. बुटाचा सांगाडासुद्धा बेबीने वेल्डरला हाताशी धरून परस्पर उभा केला.

त्याच्याकडे एकच काम उरलं होतं, जे त्याच्यावाचून कोणी करत नसे. दार मोजणं. फार वर्षांपूर्वी आइस्क्रीमचा एक भलामोठा कोन स्टुडिओच्या दारात अडकला होता आणि अण्णांना सगळ्यांसमोर तो करवतीने उभा कापावा लागला होता. तेव्हापासून नियम झाला. कामाला हात लावण्याआधी स्टुडिओत जायचं, दार मोजायचं, आणि परत येऊन दिव्याच्या बटणांशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने कामाचं नाव आणि पुढे दाराची उंची लिहायची. वस्तू करणाऱ्याने तोच आकडा वस्तूच्या आत, सांगाड्यावर पुन्हा लिहायचा. थोरल्याच्या खिशात टेप कायम असे. लग्नाच्या फोटोतही कोटाचा खिसा फुगलेला दिसतो तो तिच्यामुळेच. भिंतीवर त्याच्या अक्षरात दीडशे तरी ओळी होत्या. साबणाची वडी, बारा. कपबशी, साडेअकरा. चष्मा, साडेअकरा. सगळ्यांत खाली बेबीच्या अक्षरात 'बूट' लिहिलं होतं, आणि पुढे काही नव्हतं.

तो मोजायला गेला नव्हता असं नाही. पहिल्याच आठवड्यात गेला. स्टुडिओच्या दाराला वरून नवी लोखंडी तुळई वेल्ड केली होती, आगीचा पडदा सरकवण्यासाठी. त्याने टेप लावली. दहा फूट दोन इंच. पुन्हा लावली, पुन्हा तेवढंच.

त्या दुपारी जेवताना बेबीने विचारलं, "दादा, दार पाहून आलास ना?"

"आलो."

"किती?"

त्याने घास गिळला. "तेच आहे. साडेअकरा."

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं होतं. जरा तिची धावपळ होऊ दे, जरा अण्णांना कळू दे की पहिली रेघ मारणं म्हणजे पोरखेळ नाही, मग सांगू. असे सव्वीस उद्या होऊन गेले.

*

वहिनी कोठीत रंगाचे रिकामे डबे मोजत होती. म्हणजे मोजायचं नाटक करत होती. नवरा आत आला तशी तिने दार लोटून घेतलं.

"सांगितलं का?"

"नाही."

"अहो, बाहेर ट्रेलर येऊन उभा राहिलाय!"

"मग आता सांगून काय करू? बूट लहान होणार आहे का?"

"आडवा करून नाही जाणार?"

"आतला सांगाडा तळव्यावर उभा आहे. कुशीवर घेतला की टाच मोडली." हे सांगताना त्याचा आवाज जरा जास्तच पक्का होता. "आणि तूच म्हणाली होतीस, गप्प बसा."

"दोन दिवस म्हटलं होतं मी! दोन दिवस गप्प बसा, जरा जिरू दे तिची, असं म्हटलं होतं. महिनाभर नव्हतं म्हटलं." वहिनी डब्यावर बसली. "दारात अडकला ना, तर लोक बेबीने चुकवलं म्हणणार नाहीत. आपल्या कारखान्याने चुकवलं म्हणतील. तो दिग्दर्शक पुन्हा आपल्या पायरीवर चढणार नाही."

"मोजणारा मी होतो हे सगळ्यांना माहीत आहे," थोरला हळूच म्हणाला. हा विचार त्याला आजच सुचला होता, आणि सुचल्यापासून त्याला पाणीसुद्धा गोड लागत नव्हतं.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाला लबाडी करताना कधी पाहिलं नव्हतं, आणि पहिलीच केली ती इतकी वाईट जमली होती की तिला त्याची दया आली. तिचं स्वतःचं दुखणं वेगळं होतं. या घरातल्या कापडी खोळी, पडदे, शिवणी सगळं तिच्या हातचं. पण अण्णांनी कधी तिला नुसतं "बरं झालंय" म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. बेबी आली आणि सहा महिन्यांत अण्णा प्रत्येक रंगाला "बेबीला विचारा" म्हणायला लागले. या बुटाचा एक न् एक टाका वहिनीने ओवला होता, आणि तिथेही बेबी डोक्यावर उभी. "वहिनी, घोट्याखालची ही शिवण फक्त खालच्या बाजूला चिकटव. वरच्या बाजूला गोंद लावायचा नाही, नुसता दोर टेकू दे."

"का गं? सुटेल ना."

"नाही सुटणार. मी सांगते तसं कर."

मी सांगते तसं कर! वहिनीने ते ऐकून घेतलं होतं आणि रात्री नवऱ्याला म्हटलं होतं, "अजून दोन दिवस गप्प बसा."

"मी सांगू तिला?" वहिनी आता म्हणाली.

"नको."

"मग तुम्ही सांगा."

"बघतो," थोरला म्हणाला आणि बाहेर गेला. त्याच्या 'बघतो'ला काय किंमत आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

*

अण्णा कारखान्याच्या मधोमध स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या पायांत सपाता होत्या. महिनाभर त्या सपाताच होत्या, कारण त्यांचा उजवा बूट बेबीने नेला होता. कंपनीने नमुन्यासाठी नवाकोरा बूट पाठवला, तो तिने हातात फिरवून बाजूला ठेवला. "नवा बूट मोठा केला की प्लास्टिकचा दिसतो, अण्णा. चाललेला बूट हवा." आणि सरळ त्यांच्या खाटेखाली हात घातला.

तेव्हा त्यांना गंमत वाटली होती. थोडा अभिमानही वाटला. आपला बूट चोवीस पट!

मग एके दिवशी त्यांनी ती घडी पाहिली. अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला कललेली, एका ठिकाणी दुणावलेली. वीस वर्षांपूर्वी ते परांचीवरून घसरून पडले होते आणि तेव्हापासून त्यांचा उजवा पाय किंचित आत वळून पडायचा. कोणाच्या लक्षात येत नाही, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी तसं चालायची सवयच केली होती. आता ते सगळं त्यांच्या डोक्याच्याही वर, रंगवून उभं होतं. पोरीने नुसता बूट मोठा केला नव्हता. तिने त्यात त्यांचं चालणं पाहिलं होतं.

असं मला कधी दिसलं नाही, हे अण्णांच्या मनात आलं. चाळीस वर्षं त्यांनी वस्तू मोठ्या केल्या. बशी मोठी केली, वडी मोठी केली, लोकांनी वाहवा केली. पण त्यातलं एकही काम हातानं उचलून कोणी वापरलेलं वाटत नव्हतं. माणूस म्हातारपणी मुलीवर जळतो, हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं. आता ते स्वतःच स्टुलावर बसून जळत होते.

आणि हे एवढ्यावरच असतं तरी त्यांनी ते गिळलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी दिग्दर्शकाने त्यांना स्टुडिओत चहाला बोलावलं, तेव्हा ते त्या नव्या तुळईखालून गेले होते. त्यांना टेप लागत नसे. नजरेने त्यांनी दहा फूट आणि वर दोन बोटं धरली. परत आल्यावर भिंतीवर पाहिलं, 'बूट'पुढे आकडा नव्हता. त्यांना सगळं कळलं. थोरल्याचंही कळलं. बोलावं म्हणून ते बेबीकडे गेले, तर ती शिडीवर बसून तीच घडी रंगवत होती, आणि ते तसेच माघारी फिरले. मोजायचं काम थोरल्याचं आहे, त्याने सांगावं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. एका वाक्यात त्यांनी सगळं थोरल्यावर ढकललं आणि स्वतः मोकळे झाले.

"अण्णा, निघू या?" बेबीने विचारलं.

"निघा," ते म्हणाले. "मीही येतो."

*

स्टुडिओ चार रस्ते पलीकडे होता. ट्रेलर मुंगीच्या पावलाने चालला होता. पुढे दोन कामगार लांब बांबूंनी विजेच्या तारा वर उचलून धरत होते. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. एक म्हातारा ओरडला, "दुसरा कुठाय रे?" सगळे हसले. थोरलाही हसला. तीनदा तो बेबीच्या बाजूला गेला. पहिल्यांदा म्हणाला, "दोर घट्ट आहेत ना?" दुसऱ्यांदा म्हणाला, "ऊन फार आहे." तिसऱ्यांदा नुसताच तिच्याशेजारून चालला. ती दर वेळी त्याच्याकडे बघायची आणि थांबायची. तो पुढे काही बोलतो का म्हणून वाट बघितल्यासारखी.

स्टुडिओच्या अंगणात ट्रेलर लागला. बूट चाकांच्या पाटावर उतरवला. दारवान बाहेर आला, त्याने एकदा बुटाकडे पाहिलं, एकदा तुळईकडे.

"हे नाही जायचं, साहेब."

दिग्दर्शक आतून धावत आला. "काय झालं? दोन वाजता शूटिंग आहे माझं. नट मेकअपला बसलाय!"

वहिनीने डोळे मिटून घेतले. थोरला तुळईकडे बघत राहिला, जणू ती त्याच्या नजरेने वर सरकणार होती. ज्या क्षणासाठी तो महिनाभर गप्प बसला होता तो हाच, आणि त्यात त्याला मिळवण्यासारखं काहीही नव्हतं.

"बेबी, मी..." तो म्हणाला.

"शिडी आण," बेबी म्हणाली. तिने खिशातून पाना काढला.

ती शिडीवर चढली आणि नाडीच्या भोकांच्या पितळी कड्या एकेक फिरवून काढू लागली. प्रत्येक कडीमागे बोल्ट होता. आठ कड्या, आठ बोल्ट. मग तिने घोट्याखालच्या शिवणीचा दोर बोटाने वर उचलला, तो वरच्या बाजूने अलगद सुटला. खाली सरळ, स्वच्छ सांधा होता. बुटाचा घोट्याचा सगळा भाग वेगळा केलेला होता. खऱ्या बुटाची जिथे शिवण असते, नेमकी तिथेच.

वहिनीने तोंडावर हात ठेवला. "म्हणून चिकटवू देत नव्हतीस!"

"वरचा भाग उचला," बेबी म्हणाली. "चौघं लागतील. खालचा आठ फूट आहे, आरामात जाईल. आत गेल्यावर पुन्हा बसवू. अर्ध्या तासाचं काम आहे, साहेब, काळजी करू नका."

दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला. "वा! म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

तिने हात केला, तसा चौघांनी घोटा उचलून बाजूला ठेवला, आणि उघड्या बुटात वरून ऊन पडलं. आतला सांगाडा दिसायला लागला. पुढच्या पाइपावर, जिथे वस्तू करणारा दाराचा आकडा लिहितो, तिथे खडूने बेबीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'दार: माहीत नाही.'

थोरल्याने ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि एवढं होऊनही त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की शिवणीत सांधा लपवायचं मला का नाही सुचलं. मग त्याला लाज वाटली.

"मी तुला साडेअकरा सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतंस. पण भिंतीवर लिहिलं नाहीस." बेबी शिडीवरून उतरली. "बावीस वर्षांत तू मोजून आलास आणि भिंतीवर लिहिलं नाहीस, असं एकदाही झालेलं नाही. जेवण झालं, तू पेन्सिलीकडे बघितलंसुद्धा नाहीस. तोंडाने खोटं बोललास, भिंतीवर बोलवेना तुला."

"मग तेव्हाच का नाही विचारलंस?"

"विचारलं होतं की! जेवताना विचारलं होतं. आणखी कितीदा विचारू?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आज रस्त्यातसुद्धा वाटलं, आता सांगशील. ऊन फार आहे म्हणालास."

"तू स्वतः येऊन मोजायचं होतंस," वहिनी मध्येच म्हणाली. ती आता नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

"ते काम दादाचं आहे, वहिनी. मी मोजायला गेले असते तर त्याच्याकडे काय उरलं असतं?" बेबी म्हणाली. "म्हणून सांधा केला. कोणाला कळलंही नसतं. दार मोठं निघालं असतं, तर बोल्ट तसेच राहिले असते आणि मी स्वतःला मूर्ख म्हटलं असतं. मला तसं म्हणायला फार आवडलं असतं." तिने पाना फडक्याने पुसला. "बरं, अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून तरी जमलं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, आणि घरात केवढा तमाशा झाला असता."

अण्णा सपाता घालून दारापाशी उभे होते. गप्प राहणं आता अगदी सोपं होतं. कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. फक्त थोरला बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं होतं की अण्णांनी तुळईकडे एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा आलेला माणूस पाहतोच.

"मला माहीत होतं," अण्णा म्हणाले.

बेबी वळली.

"पंधरा दिवस झाले. चहाला आलो होतो तेव्हा पाहिलं." "सांगायला आलो होतो तुझ्याकडे. तू माझ्या बुटाची घडी रंगवत होतीस. इतकी चांगली रंगवत होतीस, की मला सांगवेना."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते कळलंय तुला."

भावाचं तिला सव्वीस दिवस माहीत होतं. त्यासाठी तिने आठ बोल्ट बसवले होते आणि जेवताना त्याला वाढलंही होतं. या दुसऱ्यासाठी तिने काहीच तयारी केली नव्हती. ती बुटाला टेकून उभी राहिली. तिच्या हातातलं फडकं ती पुन्हा पुन्हा घडी घालत होती आणि ते पुन्हा पुन्हा उलगडत होतं.

"ताई, उचलायचं का?" कामगाराने विचारलं.

"उचला," ती म्हणाली.

अर्ध्या तासात घोटा पुन्हा बसला. कड्या बसल्या, दोर शिवणीत बसला, आणि सांधा नाहीसा झाला. दिव्यांखाली बूट असा दिसत होता की कोणीतरी नुकताच काढून ठेवलाय आणि आता घालायला येईल. दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. नटाने विचारलं, "कोणाचा आहे हो हा?" सगळे हसले. घरातली चौघंही हसली, कारण लोकांसमोर हसावंच लागतं.

बाहेर अंगणात थोरला रिकाम्या ट्रेलरचे दोर गुंडाळत होता. बेबी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती रागावली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हात पुढे केला.

"टेप दे."

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "दोरी ठेव ना तू. दोरी तुझीच. मी काही म्हणत नाही आता."

"दोरी मला नको होती, दादा. अण्णांनी दिली म्हणून घेतली. ती तुला दिलीच असती मी एक दिवस." तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते पुसले नाहीत. "आणि हे तर मला मुळीच नको होतं. कोणीतरी सांगेल त्या आकड्यावर डोळे मिटून काम करायचं, एवढंच हवं होतं मला इथे. पण आता प्रत्येक दार मलाच मोजावं लागणार. दे."

अण्णा काही अंतरावर उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

थोरल्याने टेप काढली. बावीस वर्षांत तिच्या पत्र्याच्या डबीवरचा रंग त्याच्या बोटांच्या जागी उडून गेला होता. ती त्याने बहिणीच्या हातावर ठेवली. तिने स्टुडिओच्या दाराशी जाऊन पट्टी वर तुळईपर्यंत सरकवली, आकडा पाहिला, आणि कारखान्याच्या भिंतीवर लिहायचा म्हणून तो तळहातावर पेनाने लिहून घेतला.

आकडा ताडून बघायला तिने पट्टी पुन्हा वर सरकवली, पण तिचं खालचं टोक जमिनीवर नीट टेकत नव्हतं. थोरला नेहमीच्या सवयीने वाकला आणि त्याने ते धरलं.